‘टॉप हॅट’ची मराठी सबटायटल्स : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

चित्रपट मंडळाच्या आजच्या बैठकीत ऑगस्टच्या खेळासाठी ‘टॉप हॅट’ हा १९३५ सालचा कृष्णधवल नृत्य-संगीतपट नक्की झाला आणि त्याची मराठी सबटायटल्स करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. आर.के.ओ. रेडिओ पिक्चर्सची निर्मिती, मार्क सँड्रिच यांचे दिग्दर्शन, अर्व्हिंग बर्लिन यांची पाच गाणी आणि फ्रेड अस्टेअर व जिंजर रॉजर्स ही जोडी, एवढी माहिती पत्रिकेत जाईल. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये हा चित्रपट २९ ऑगस्ट १९३५ रोजी प्रथम झळकला. यंदा त्याला ९० वर्षे होतात, तेव्हा खेळ त्याच तारखेला ठेवावा असा काहींचा आग्रह होता. परंतु २७ ऑगस्टला गणपती बसतात, आणि त्या दिवसांत सभागृह मिळाले तरी ढोल-ताशांपुढे बुटांची टकटक कोणाला ऐकू येणार, हा नानांचा मुद्दा सर्वांना पटला. शनिवार, २३ ऑगस्ट ही तारीख ठरली. हातात दहा आठवडे आहेत.

इंग्रजी सबटायटल्सवर भागवावे, अशीही एक सूचना आली होती. मात्र या चित्रपटातील माणसे फार भरभर बोलतात, आणि आमच्या नेहमीच्या प्रेक्षकांपैकी निम्म्यांना इंग्रजी ओळ वाचून होईपर्यंत पुढचा विनोद होऊन गेलेला असतो.

१५ जून २०२५, रविवार

आज चित्रपट सलग पाहिला. मध्ये थांबायचे नाही आणि काही टिपायचे नाही, असे ठरवून बसले होते, तरीही पानभर टिपणे झालीच.

कथा सांगायची तर ती एका गैरसमजाएवढी आहे. जेरी ट्रॅव्हर्स हा अमेरिकन नर्तक लंडनमध्ये होरेस हार्डविक या निर्मात्याच्या नाटकात काम करायला आला आहे. हॉटेलातल्या त्याच्या नाचाने खालच्या खोलीतील डेल ट्रेमाँट हिची झोपमोड होते, ती तक्रार करायला वर येते आणि जेरी तिच्या प्रेमात पडतो. डेलची मैत्रीण मॅज ही होरेसची बायको, पण डेलने होरेसला कधी पाहिलेले नाही. हॉटेलचा कारकून तिला वरच्या सज्जाकडे बोट दाखवून सांगतो की, ज्याच्या हातात चामडी बॅग आणि काठी आहे तोच होरेस. आणि नेमक्या त्याच वेळी होरेसने बॅग व काठी जेरीच्या हातात दिलेली असते. त्या क्षणापासून शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत डेलच्या लेखी जेरी हा आपल्या मैत्रिणीचा नवरा आहे.

मराठी माणसाला हे ओळखीचे वाटावे. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये एका तसबिरीवरून जे रामायण घडते, तेच येथे बॅग आणि काठीवरून घडते. समीक्षकांनी या कथेला पोकळ म्हटले असेल तर म्हणोत. प्रहसनाला कथा लागते ती खुंटीपुरती, आणि ही खुंटी भक्कम आहे. एक गंमत मात्र अनुवाद करणाऱ्यालाच सुचते. मॅज ही १९३५ सालची मराठी गृहिणी असती, तर ‘आमचे हे’ यापलीकडे तिने नवऱ्याचा उल्लेखच केला नसता आणि डेलला होरेस हे नावही कळले नसते. उखाण्यात नाव घ्यायचा प्रसंग आला असता तर सगळा उलगडा पहिल्याच अंकात!

२१ जून २०२५, शनिवार

पहिल्या वीस मिनिटांच्या संवादांचा कच्चा मसुदा झाला. पहिली खरी अडचण अपेक्षेप्रमाणे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांची आली. इंग्रजीत एकच सर्वनाम आहे आणि ते काहीही उघड करत नाही. मराठीत प्रत्येक ओळीला ठरवावे लागते.

जेरी आणि होरेस मित्र आहेत, तेथे ‘तू’. डेल आणि मॅज, तेथेही ‘तू’. होरेस-मॅज यांच्याबाबत थोडा वाद झाला. नानांचे म्हणणे, नवऱ्याला ‘अहो’ हवे. माझे म्हणणे, मॅज ज्या कोरड्या आवाजात नवऱ्याला हाणते, त्या आवाजाला ‘अहो’ शोभत नाही. “बाई, तुमचं ऐकतो, पण पेठेतल्या प्रेक्षकांना तुम्ही उत्तर द्यायचं,” असे म्हणून त्यांनी माघार घेतली.

जेरी आणि डेल यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. डेल झोपमोडीची तक्रार घेऊन येते तेव्हा दोघेही ‘तुम्ही’ म्हणणार, यात शंका नाही. नंतर बागेत पाऊस येतो, बँडस्टँडखाली दोघे अडकतात, नाचतात आणि नाच संपल्यावर एकमेकांच्या हातात हात देतात. हे हस्तांदोलन मला महत्त्वाचे वाटते, कारण त्यात आर्जव नाही, बरोबरी आहे. पहिला ‘तू’ तेथून पुढे यावा असे ठरवले. मग गैरसमज होतो आणि डेल हॉटेलच्या दिवाणखान्यात त्याच्या थोबाडीत देते. येथे ‘तुम्ही’ परत येईल, आणि तो पहिल्या ‘तुम्ही’पेक्षा थंड असेल. पुढे व्हेनिसमध्ये डेल त्याला घाबरवण्यासाठी पॅरिसमधल्या जुन्या ओळखीचे खोटेच नाटक करते, तेव्हा ती मुद्दाम ‘तू’ म्हणेल. म्हणजे एक ‘तू’ खरा, दुसरा ‘तू’ खोटा, आणि शेवटी गोंडोलात सगळे उलगडल्यावर तिसरा. मूळ संहितेत नसलेली ही नक्षी मराठीने आपल्या पदरची घातली आहे. ती कितपत क्षम्य आहे, याचा विचार करूनही मी ती ठेवणार आहे.

२२ जून २०२५, रविवार

आज किरकोळ पात्रांवर दिवस गेला, आणि ही ‘किरकोळ’ माणसेच अधिक वेळ खातात.

एरिक ब्लोर यांनी केलेला बेट्स हा होरेसचा नोकर स्वतःचा उल्लेख अनेकवचनात करतो. इंग्रजीत ते ऐकताक्षणी हसू येते, कारण एका नोकराने राजेशाही सर्वनाम वापरले आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हणणारा माणूस इतका सर्रास भेटतो, की ‘आम्ही बेट्स’ या ओळीवर कोणी ढिम्म हलणार नाही. दुपारभर विचार करून “आम्ही म्हणजे बेट्स, साहेब. आम्ही एकटेच आहोत” असे लिहिले. मूळ ओळीपेक्षा हे थोडे लांब झाले, पण विनोद जागेवर आला. बो-टायच्या आकारावरून झालेल्या भांडणापायी बेट्स आणि होरेस यांची बोलाचाली बंद आहे, हा भाग मात्र जसाच्या तसा उतरला. मालक आणि जुना नोकर यांचा अबोला आपल्याकडे समजावून सांगावा लागत नाही.

एरिक ऱ्होड्स यांचा बेदिनी हा इटालियन शिंपी, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ड्रेस डिझायनर, मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतो. त्याला मराठीत कोणाची तरी बोली द्यावी, हा मोह टाळायचा, असे पहिल्याच दिवशी ठरवले होते. एखाद्या प्रांताच्या माणसाला हसून घेण्याचे ते सोपे साधन आहे. त्याऐवजी परक्या माणसाचे मराठी जेथे हमखास घसरते, तेथेच त्याला घसरू दिले, ते म्हणजे लिंगभेदात. “बेदिनीचा अब्रू गेला” एवढ्याने काम होते.

आरंभीचा क्लब थॅकरे या नावाचा आहे. तेथे चिटपाखरू आवाज करत नाही, जेरीच्या वर्तमानपत्राची नुसती सळसळ झाली तरी सगळे सभासद वळून बघतात, आणि निघताना तो दारात पायांची एक फैर झाडून जातो. या शांततेच्या प्रसंगात हे नाव पडद्यावर आले, तर आपल्या सभागृहात भलत्याच कारणाने हशा पिकेल. पाटी पडद्यावर दिसतेच. मी ओळ दिलेली नाही.

२८ जून २०२५, शनिवार

आज संगणकावर ओळी चित्रावर बसवून पाहिल्या आणि कामाचा सगळा आराखडा बदलावा लागला. सबटायटलची जागा चौकटीच्या तळाशी असते. या चित्रपटात चौकटीच्या तळाशी अस्टेअर यांचे पाय असतात.

हे योगायोगाने झालेले नाही. नाचणारा माणूस डोक्यापासून बुटापर्यंत सबंध दिसला पाहिजे, नाच शक्यतो तुकडे न पाडता लांबच लांब शॉटमध्ये टिपला पाहिजे, आणि मध्येच कोणाचे चेहरे किंवा नुसती पावले दाखवून त्याचा ओघ तोडता कामा नये, यावर अस्टेअर यांचा कटाक्ष होता. त्या काळच्या इतर नृत्यपटांत कॅमेरा छतावर चढून नर्तिकांची फुले उमलवत असे. येथे तो निमूटपणे नर्तकांच्या बरोबरीने सरकतो. चित्राची रुंदी उंचीच्या १.३७ पट, म्हणजे चौकट जवळजवळ चौकोनी. त्यात उभा माणूस पूर्ण बसवला की, बुटांखाली बोटभर जमीन उरते. माझी दोन ओळींची पट्टी नेमकी घोट्यांवर बसत होती.

तीन उपाय करून पाहिले. ओळी वर नेल्या, तर त्या चेहऱ्यावर आणि, ज्या चित्रपटाचे नावच टोपीवरून आहे त्यात, टोपीवर आल्या. आमचा पडदा रुंद असल्याने चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. तेथे ओळी टाकल्या, तर वाचणाऱ्याची मान टेनिसच्या सामन्यासारखी हलू लागली. चित्र थोडे लहान करून ओळी खालच्या काळ्या जागेत न्याव्यात, हा तिसरा उपाय नानांनी ऐकताक्षणी धुडकावला.

संध्याकाळी पाचही गाणी पुन्हा पाहताना ध्यानात आले की, अडचण मी समजत होते तेवढी मोठी नाही. येथे गाणे आधी गायले जाते आणि नाच बहुधा त्यानंतर सुरू होतो; नाच रंगात येतो तेव्हा शब्द संपलेले असतात. पायांवर पडणाऱ्या ज्या ओळी मला खुपत होत्या, त्यांपैकी बऱ्याच माझ्याच होत्या. कडवे संपल्यावरही अर्थ रेंगाळावा म्हणून मी ओळी दोन-तीन सेकंद जास्त धरून ठेवल्या होत्या, आणि कोठे कोठे कंसात ‘नृत्य’, ‘वाद्यसंगीत’ अशा सूचना टाकल्या होत्या. ज्याला दिसते आहे त्याला ‘नृत्य’ असे लिहून दाखवण्यात काय हशील होते, कोण जाणे. त्या सगळ्या सूचना काढल्या. गाताना पाय चालू असतात अशा मोजक्या जागी एकच ओळ, ती वरच्या कडेला, आणि शब्द थांबताच ओळ बंद, असा नियम केला.

५ जुलै २०२५, शनिवार

बाहेर धो धो पाऊस आणि मेजावर पावसाचे गाणे, असा योग जुळून आला, पण त्याचा उपयोग होण्याऐवजी तोटाच झाला.

बँडस्टँडमधल्या या गाण्याचा आशय असा की, पावसात अडकायला किती छान दिवस आहे! त्यातली खोच लंडनच्या हवेत आहे. तेथे पाऊस म्हणजे भिजलेली छत्री आणि वाया गेलेला फेरफटका; अशा दिवसाला ‘छान’ म्हणण्यात थट्टा आहे, आणि त्या थट्टेआडून प्रेम आहे. आपल्याकडे जूनचा पहिला पाऊस म्हटला की शाळकरी वहीतही कविता उगवते. ‘किती सुंदर दिवस, पाऊस पडतो आहे’ हे मराठीत निव्वळ खरे विधान होते. त्यात थट्टा उरतच नाही. मसुद्यांची सात पाने फाडली. अखेर ‘पाऊस’ या शब्दावरून भार उचलून तो ‘अडकणे’ या क्रियेवर टाकला : “अडकून पडावं, तर अशाच दिवशी!” ही ओळ मला मान्य आहे.

‘बँडस्टँड’ला काय म्हणावे, हाही प्रश्न निघाला. मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे वांद्र्याचा समुद्र येईल. कूपरेजची बाग ठाऊक असणाऱ्याला मात्र ते गोल छत बरोबर दिसेल. ओळीत ‘छत्रीखाली’ असे लिहिले, कारण अशा बांधकामाला आपल्याकडे छत्रीच म्हणतात आणि पावसात तो शब्द दोन्हीकडून लागू पडतो.

गाण्यानंतरचा नाच मी आज अकरा वेळा पाहिला असेन. डेल घोड्यावरून रपेट करून आलेली, म्हणून तिच्या अंगावर विजार आहे. जेरी शीळ घालत चालू लागतो, ती मागून त्याच्या चालीची नक्कल करते. तो एक तुकडा करतो, ती तोच परत करते, मग त्यात स्वतःची भर घालते. आपल्या फडावर याला सवाल-जवाब म्हणतात. वीज कडाडते, लय दुप्पट होते, दोघे पावसात निघून पुन्हा आडोशाला येतात आणि कट्ट्यावर बसून हात मिळवतात. या सबंध अवधीत एक शब्द नाही. तिने होकार दिला तो येथेच, आणि माझ्या फाइलमध्ये या जागी काहीही नाही.

६ जुलै २०२५, रविवार

आषाढी एकादशी. उपवास आणि पाहुणे. तीन ओळी झाल्या.

१२ जुलै २०२५, शनिवार

पहिले गाणे हातावेगळे केले. जेरी होरेसला सांगतो की, आपल्याला कसलेही पाश नाहीत, मन मोकळे आहे. ‘बंधमुक्त’, ‘निर्बंध’, ‘मुक्तछंद’ असे सगळे सुवासिक शब्द लिहून झाले, आणि मग आजीच्या तोंडचा ‘सडाफटिंग’ आठवला. त्या एका शब्दात लग्न न झालेला, घर नसलेला, कोणाला जाब न देणारा असा सबंध जेरी मावतो. शिवाय शब्दाला ठेका आहे.

माझी भाची कथक शिकवते; तिला मुद्दाम बोलावून हा नाच दाखवला. तिने आवाज बंद करून पाहिला, मग चित्राकडे पाठ करून नुसता ऐकला. टाच आणि चवडा यांचे काम तिला लगेच कळले, पण तिला नवल वाटले ते वरच्या अंगाचे. “पाय एवढे बोलत असताना खांदे इतके निवांत कसे?” असे ती म्हणाली. घुंगरू नाद धरून ठेवतात, बुटाची धातूची पट्टी मात्र वाजते आणि तत्क्षणी थांबते, म्हणून येथे चूक लपवायला जागा नाही, हे तिचे निरीक्षण मी परिचयाच्या टिपणात तिच्या परवानगीने घालणार आहे. बुटांचा आवाज चित्रीकरणानंतर स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करून जोडत असत, हे सांगितल्यावर ती किंचित हिरमुसली. तीच पावले पुन्हा त्याच लयीत, पडद्याकडे पाहून, चुकू न देता वाजवायची म्हणजे दुप्पट काम, एवढे म्हणून तिने त्यांना माफ केले.

तक्रारीनंतरचा प्रसंग तिला सर्वांत आवडला. डेल खाली जाऊन झोपावी म्हणून जेरी राखेच्या कुंडीतली वाळू जमिनीवर पसरतो आणि तिच्यावर बुटांची हलकी सरसर करत अंगाई नाचतो. खाली डेल हसते आणि झोपते, वर होरेस पेंगतो, शेवटी जेरीही. येथेही माझी एकही ओळ नाही.

१९ जुलै २०२५, शनिवार

आज ‘चीक टू चीक’. या एका गाण्यासाठी आठवडा राखून ठेवला होता.

बर्लिन यांना स्वरलिपी वाचता-लिहिता येत नव्हती. ते पियानोवर बहुतेक काळ्या पट्ट्यांवरच वाजवत, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत काळी तीनमध्ये, आणि सूर बदलायचा झाला तर पियानोला जोडलेली दांडी सरकवत. स्केल चेंजर पेटी पाहिलेल्या माणसाला हे अधिक सांगावे लागत नाही. अशा माणसाने रचलेले हे गाणे त्या काळच्या ३२ मात्राखंडांच्या (इंग्रजीत ‘बार’) साच्यात न मावता ७२ मात्राखंडांपर्यंत गेले आहे. सुरुवात कुजबुजीत होते, चाल पायरीपायरीने चढते, मध्ये डोंगर चढण्याचा आणि मासे पकडण्याचा आनंद याच्या निम्माही नाही असे हलके काहीतरी येते, आणि मग एकाएकी आर्जवाचा गडद तुकडा. मराठी ओळींनाही ही उतरंड जपावी लागली : आधी छोटी वाक्ये, मग ऐसपैस, मग विनवणी.

पहिलाच शब्द ‘स्वर्ग’. ‘स्वर्ग दोन बोटे उरला’ हा वाक्प्रचार डोक्यातून जाईना, पण त्यात आपण बोलणाऱ्याला किंचित चिमटा काढतो. गाणारा मात्र पूर्ण शरण गेलेला आहे. तो वाक्प्रचार मी मॅजच्या तोंडी दुसरीकडे वापरला. शीर्षकाचे ‘गालाला गाल’ हे भाषांतर अचूक असूनही पडद्यावर लिहिवेना. “तू अशी जवळ असताना” यावर थांबले. हा पळपुटेपणा आहे असे कोणी म्हटले, तर मी वाद घालणार नाही.

गाताना दोघे गर्दीत नाचत असतात, कॅमेरा जवळ असतो, तेव्हा ओळ खाली ठेवता येते. गाणे संपता संपता ते पूल ओलांडून रिकाम्या दालनात जातात आणि तेथून पुढे फक्त नाच आहे. डेलच्या अंगावर बर्नार्ड न्यूमन यांनी घडवलेला शहामृगाच्या पिसांचा झगा आहे. तो निळा होता. कृष्णधवल फितीने त्याला चांदण्याचा रंग दिला. तालमीत आणि चित्रीकरणात त्याची पिसे झडून अस्टेअर यांच्या नाकातोंडात जात, त्यांच्या काळ्या कोटाला चिकटत. ते वैतागले, रॉजर्स हटल्या नाहीत, पिसे पुन्हा टाचली गेली आणि झगा राहिला. पुढे अस्टेअर यांनीच रॉजर्स यांना सोन्याचे एक पीस भेट दिले आणि ‘फेदर्स’ हे नाव त्यांना चिकटले. माझ्या मते रॉजर्स यांचे बरोबर होते. नाच थांबल्यावरही तो झगा क्षणभर थांबत नाही, आणि डेलच्या मनात काय चालले आहे ते त्या क्षणात दिसते : हा मैत्रिणीचा नवरा आहे, मैत्रीणच नाचायला ढकलते आहे, आणि आपल्याला तर हे हवे आहे.

नाचाची बांधणी अस्टेअर आणि हर्मिस पॅन यांची. जोडनाच बसवताना पॅन स्वतः रॉजर्स यांच्या जागी उभे राहत आणि मग तो भाग त्यांना शिकवत. हे टिपणात घेतले.

२६ जुलै २०२५, शनिवार

‘पिकोलिनो’ला फार वेळ दिला नाही. हे गाणे एका गाण्याविषयीच आहे, आणि ते गाणे रचणारा गोंडोलावाला व्हेनिसमध्ये नसून ब्रुकलिनमध्ये बसला आहे, अशी त्यात कबुली आहे. व्हेनिसही तसेच : लागून असलेल्या दोन स्टुडिओ-दालनांत उभारलेले, पांढरेशुभ्र, पुलांचे, आणि कालव्याच्या पाण्यात काळा रंग मिसळलेले, म्हणजे पांढऱ्या भिंती उठून दिसाव्यात. व्हेनिस पाहून आलेल्या सभासदांनी कुरकुर करू नये, म्हणून कलादिग्दर्शनाविषयी दोन वाक्ये टिपणात घातली. ऑस्करसाठी या चित्रपटाला चार नामांकने होती, सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनासह. पुरस्कार एकही मिळाला नाही.

शीर्षकगीतात गोऱ्यागोमट्या समूहाला जेरी काठीची बंदूक करून एकेक करून टिपतो आणि गोळीचा आवाज बुटाने काढतो. टॉप हॅटचे मराठी ‘टोपी’ करता आले नाही. ‘टोपी घालणे’ याचा जो अर्थ आपल्याकडे रूढ आहे, तो नायकाविषयी नको ते सुचवतो.

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

सभागृहातल्या यंत्रावर पहिली चाचणी, आणि फजिती.

आरंभ ठीक झाला. बँडस्टँडपर्यंत पोहोचेतो ओळी मिनिटभर पुढे धावत होत्या, आणि व्हेनिस येईपर्यंत पात्रांनी तोंड उघडण्याआधी त्यांचे बोलणे वाचून झालेले होते. प्रहसनात याहून वाईट काही होऊ शकत नाही, डेलने हात उचलण्याआधीच जेरीने “हे कशाबद्दल?” असे विचारले. भाची हसून लोळली, नाना घड्याळ पाहत होते.

रात्री कारण सापडले. मी ज्या प्रतीवर काम केले ती युरोपीय दूरचित्रवाणीच्या चालीची, सेकंदाला २५ चित्रांची, म्हणून ९७ मिनिटांची आहे. मंडळाने परवान्यासह मागवलेली प्रत मूळ २४ चित्रांच्या चालीची, १०१ मिनिटांची आहे. ‘सबटायटल एडिट’ या संगणक-प्रणालीत सगळ्या वेळा २५ भागिले २४ या प्रमाणात ताणल्या आणि दहा मिनिटांत सात आठवड्यांचे काम जागेवर आले. गेले दीड महिना गाणी मला अर्धस्वराला थोड्या कमी इतक्या चढ्या सुरात ऐकू येत होती, आणि मी ती अस्टेअर यांच्या पातळ आवाजाची खासियत समजत होते. टिपणातले आवाजाविषयीचे वाक्य खोडले.

१० ऑगस्ट २०२५, रविवार

दुसरी चाचणी. वेळा जुळल्या, अक्षरे मोडली. यंत्राला देवनागरीची जोडाक्षरे जमत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे आणि रफार भलत्याच डोक्यावर. ‘स्वर्ग’ वाचवेना. ओळी चित्रातच पक्क्या छापून घेण्यावाचून मार्ग नाही, आणि तशी परवानगी मंडळाने कळवून घेतली. छापण्यापूर्वी शेवटची चाळणी लावली : १९३ ओळी काढल्या किंवा जोडल्या. बहुतेक ओळी ‘बरं’, ‘अच्छा’, ‘काय म्हणता’ अशा होत्या, ज्या चेहऱ्यांवर आधीच लिहिलेल्या आहेत. होरेस झालेल्या एडवर्ड एव्हरेट हॉर्टन यांची ती सुप्रसिद्ध दचक, आधी हसून मान डोलवायची आणि दोन क्षणांनी अर्थ कळून चेहरा उतरायचा, तिच्यावर माझी ओळ रेंगाळत होती. तीही काढली.

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार

खेळ झाला. सभागृह तीनचतुर्थांश भरले होते. पाऊस होता, त्या मानाने बरेच.

बेट्सला हशा मिळाला. ‘सडाफटिंग’वर मागून कोणीतरी दाद दिली. बेदिनीचा अब्रू दोनदा गेला, दोन्ही वेळा लोक हसले. जेथे मी सर्वांत खूश होते, त्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’च्या नक्षीविषयी मध्यंतरात किंवा नंतर कोणी अवाक्षर काढले नाही, नानांना विचारले, तर ते म्हणाले, “काही खटकलं नाही बुवा.” हे कौतुक समजावे.

बेट्स पाद्र्याचा वेश करून डेल आणि बेदिनी यांचे लग्न लावतो, त्यामुळे ते लग्नच खरे नसते, हा शेवटचा उलगडा दोन-तीन जणांच्या हातून निसटला. ती ओळ फार दाटीची आहे.

‘चीक टू चीक’चे शब्द संपले आणि ओळी गेल्या, तेव्हा पुढच्या रांगेतला, आजीबरोबर आलेला एक मुलगा आवाज न दाबता म्हणाला, “आजी, खाली पीस पडलं.” मी हे गाणे निदान शंभर वेळा पाहिले असेल, पिसे झडली होती ही हकिगत पाठ होती, टिपणात लिहिलीही होती. जमिनीवर पडलेले पीस मात्र मी पाहिले नव्हते.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

दुरुस्त्या : पाद्र्याच्या प्रसंगातली ओळ दोन ओळींत फोडणे. ‘हॉटेलचा मॅनेजर’ एके ठिकाणी ‘मॅनेजार’ झाला आहे. नव्वदाव्या मिनिटाच्या आसपास एक ओळ बोलणे संपल्यावरही राहते, ती अर्ध्या सेकंदाने कमी करणे. मूळ फाइल, छापील प्रत आणि टिपण तिन्ही मंडळाच्या संग्रहात दिली. पीस खरेच दिसते, सकाळी तपासले.